चार हातांवरचं पाणी

“बाबा, अजून किती खोल जाऊ?”

खेतारामनं खड्ड्याच्या तळातून विचारलं. वर काठावर लाखानाथ बाबा बसले होते. डोक्यावर ज्येष्ठाचं ऊन, खाली लूणी नदीचं कोरडं पात्र. वर्षातून फार तर थोडे दिवस वाहते ही नदी, तेही पाऊस झाला तर. एरवी तिच्यातून उंटगाड्या जातात.

खेताराम पूर्वी तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून बाबांचा शिष्य झाला, पण भूगोल काही सुटला नाही. लूणी अरवलीत उगम पावते, बालोतऱ्यापर्यंत गोडी, पुढं खारी, आणि समुद्राला न मिळताच कच्छच्या रणात जिरते... हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

गाव बालोतऱ्याच्या खालच्या अंगाला. यंदा गावची विहीर आटली. तीस घरं गुरंढोरं घेऊन निघाली होती, तर या पठ्ठ्यानं त्यांना अडवलं. म्हणाला, आठ दिवस थांबा, नदीतून गोडं पाणी काढून देतो. बाबांना विचारायचीही गरज वाटली नाही त्याला. मास्तरांचा शब्द म्हणून लोक थांबले.

आज सातवा दिवस. काल दोन गाई मेल्या.

खेतारामनं गाडगं भरून वर दिलं. पाणी लागलं होतं, चांगलं गुडघाभर लागलं होतं. बाबांनी थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. नुसतं मीठ.

“पहिलं पाणी कधी लागलं?” बाबांनी विचारलं.

“दुसऱ्या दिवशी. चार हातांवर.”

“किती?”

“ओंजळभर. पाझर अगदीच बारीक होता. म्हणून खाली गेलो.”

“चवीला कसं होतं?”

खेताराम कुदळीनं तळ उकरायला लागला.

“खेता, चवीला कसं होतं?”

“चाखलं नाही, बाबा.” मग तो म्हणाला, “काठावर सगळं गाव उभं होतं. ओंजळभर पाणी दाखवायची लाज वाटली.”

बाबांनी त्याला वर बोलावलं आणि पायानं खड्ड्यात वाळू लोटायला लागले. सात दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत बुजत होती. खेतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड उघडायची सोय नव्हती, हात दाखवून अवलक्षण त्यानंच करून घेतलं होतं. गुमान तोही वाळू ओढू लागला.

खड्डा बुजला. बाबा पात्रातून वरच्या अंगाला दोनशे पावलं चालत गेले, वळणाच्या आत एका जागी टेकले आणि म्हणाले, इथं खण. चार हातांवर त्यांनी त्याला थांबवलं, म्हणाले, गोडं पाणी वरच असतं, खाली गेलास की मीठ. वाळू ओली झाली, काळपट दिसायला लागली. मग कडेनं पाणी पाझरायला लागलं... थेंब थेंब. घटकाभरात गाडग्याचं बूड झाकलं.

तेवढ्यात धापू आली. तिच्याच दोन गाई काल गेल्या होत्या. तिनं गाडग्यात वाकून पाहिलं.

खेतारामनं मान खाली घातली. म्हणाला, “बाई, एवढ्यात तीस घरं भागायची नाहीत, मला कळतंय. आणखी दोन दिवस द्या. मी हाच खड्डा...”

बाबांनी त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि धापूच्या हातात दिली.

धापूनं कुदळीकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं. मग पंधरा पावलं बाजूला गेली, ओढणी कमरेला खोचली आणि खणायला लागली. तिला बघून काठावरून तिचा दीर उतरला. त्याच्यामागं आणखी दोघं, आपापली कुदळ घेऊन.

खेताराम रिकाम्या हातांनी उभा राहिला. नदीत माणसं पांगली होती, आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

“बाबा, शब्द मी दिला होता.”

“हं.”

“मग आता मी काय करू?”

बाबांनी गाडगं उचलून त्याच्यापुढं धरलं.

“तहान लागली असेल. पी.”