दरडीखालून सुखरूप

फार पूर्वी, डोंगरातल्या वाटा माणसांच्या आणि बैलांच्या पायांनीच पडत, तेव्हाची ही गोष्ट. एक तांडा होता. समुद्रकाठी मीठ भरायचं, बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या, घाट चढून वरच्या मुलखात मीठ विकायचं आणि तिथलं धान्य घेऊन परत उतरायचं, हा त्यांचा धंदा. बायका, लेकरं, म्हातारी माणसं, कुत्री, कोंबड्या, सगळा संसार बैलांच्या मागून चालायचा.

तांड्याचा नायक शब्दाला पक्का आणि मनानं मायाळू होता. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. बायको केव्हाच वारली होती. एकुलती एक लेक झमकू, तिच्यातच त्याचा सगळा जीव.

तांड्याच्या पुढे चालायचा थावरा. तो वाटाड्या. आधी एकटा पुढे जाऊन वाट बघून यायची आणि मग सगळ्यांना न्यायचं, हे त्याचं काम. थावरा कमी बोलायचा, पण बोलला की नायक ऐकायचा.

एके वर्षी पाऊस लांबला. तांडा घाटाच्या पायथ्याशी आला तेव्हा दसरा होऊन गेला होता, तरी डोंगर अजून ओलाच होता. तिथं वाटेला फाटा फुटत होता. वरची वाट खिंडीतून जाणारी, अर्ध्या दिवसाची. खालची रानातून वळसा घालून जाणारी, चार दिवसांची.

"काय म्हणतोस, थावरा?" नायकानं विचारलं.

"खालून जाऊ, नायका."

"चार दिवस? वरती बाजार भरून उठून जाईल."

"जाऊ दे. असल्या ओलीत खिंडीतून दहा तांडे गेले तर एखादा दरडीखाली सापडतोच. खालच्या वाटेनं शंभर गेले तरी एखाद्यालाच काही होतं."

"म्हणजे खालून काहीच होणार नाही ना?"

"असं मी कसं म्हणू? होणारच नाही अशी वाट देवानं केलेलीच नाही. पण दोन्हींत बरी ही."

नायकाला ते पटलं. तांडा खालच्या वाटेनं निघाला.

तिसऱ्या दिवशी, लख्ख दुपारी, तांडा एका जुन्या सावरीखालून चालला होता. वारा नव्हता, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. झमकू एका वासराला चुचकारत, गाणं म्हणत चालली होती. अचानक वर काहीतरी कडाडलं. गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं. माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी तिच्यावर कोसळली होती.

वासराला ओरखडाही आला नाही. झमकू मात्र गेली.

नायक रडला नाही. फांदी उचलायला माणसं धावली, बायकांनी हंबरडा फोडला, आणि तो नुसता बघत उभा राहिला. कोणीतरी त्याला खाली बसवलं तेव्हा तो बसला. कोणीतरी पाणी दिलं, ते त्याच्या हातातून सांडून गेलं.

बाजाराच्या गावी पोहोचल्यावर दुसरा एक तांडा भेटला. त्याच दिवसांत तो वरच्या खिंडीतून आला होता. "झोपेत चालल्यासारखे आलो," त्यांचा म्हातारा हसत म्हणाला. "एक खडासुद्धा घरंगळला नाही."

ते ऐकलं आणि नायकाच्या आत गोठलेलं सगळं उसळून वर आलं. त्यानं सगळ्यांदेखत थावराची गचांडी धरली. "ऐकलंस? वरून गेलो असतो तर माझी पोर आज जिवंत असती! तू मारलंस तिला!"

थावराच्या डोळ्यांत पाणी होतं. झमकूला त्यानं खांद्यावर बसवून घाट दाखवले होते. पण तो खोटं बोलला नाही. "नायका, तुमचं दुःख मला कळतं. पण उद्या तीच ओल असताना त्याच फाट्यावर मला उभं केलंत, तर मी खालचीच वाट दाखवीन."

नायकाच्या मनात एकच आलं. माझी लेक गेली, आणि हा म्हणतो मी पुन्हा तेच करीन! त्यानं थावराला त्याच क्षणी तांड्यातून काढून टाकलं. थावरा बायकोला घेऊन निघाला, तेव्हा तांड्यातल्या एकानंही मान वर केली नाही. त्या मुक्या दुपारी तांडा एक गोष्ट शिकला: नायकाला नको ते बोलायचं नाही.

नवा वाटाड्या झाला नायकाचा मेहुणा, झमकूचा मामा. माणूस डोळस होता, पायही तयार होते. तो रोज पुढे जाऊन वाट बघून यायचा आणि परत आला की आधी नायकाचा चेहरा बघायचा.

पुढच्या वर्षीही पाऊस लांबला. तांडा पुन्हा त्याच फाट्याशी आला. मेहुणा खिंड बघून आला.

"कशी आहे वाट?" नायकानं विचारलं.

"दाजी, तुमच्या मनात कोणती आहे?"

"खालची वाट मला बघवणार नाही."

"मग वरचीच बरी," मेहुणा म्हणाला आणि बैलाचा पट्टा आवळायला वळला.

तांडा खिंडीत शिरला. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये दोन बैल जेमतेम जातील एवढी वाट. निम्मं अंतर कापलं तेव्हा नायकाच्या हातावर थेंब पडला. त्यानं वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. कड्याला हातभर रुंद भेग गेली होती आणि तिच्यातून लाल, गढूळ पाणी पाझरत होतं.

तो मेहुण्याच्या कानाशी लागला. "हे तू बघितलं होतंस?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "थावरा बोलला होता, दाजी."

मागे फिरायला जागा नव्हती. मागून बैल येत होते, पाठीशी लेकरं बांधलेल्या बाया येत होत्या, गेल्या महिन्यातली बाळंतीण येत होती. सगळ्या निर्धास्त होत्या, कारण नायक पुढे होता. ओरडावं, तर बैल बिथरतील. त्यानं बैलांच्या घंटा गवत कोंबून बंद करायला लावल्या आणि तोंडावर बोट ठेवलं. एकेक पाऊल टाकत तांडा पुढे सरकला. नायक वळणाशी उभा राहिला आणि प्रत्येकाला डोळ्यांनी पुढे ढकलत राहिला. शेवटी एक लंगडी म्हातारी काठी टेकत आली. तिला त्यानं उचललं आणि तो खिंडीच्या बाहेर पडला.

तिला खाली ठेवतो न ठेवतो तोच मागे डोंगर फुटला.

आवाज एवढा मोठा होता की काही जण कान धरून खालीच बसले. लाल धूळ आली. ती बसली, तेव्हा मागे खिंड उरलीच नव्हती. वाट होती तिथं दगडमातीचा ढीग होता.

माणसं एकमेकांना चाचपू लागली. हा आहे, ती आहे, बाळंतीण आहे, बाळ आहे. सगळे होते! एक कोंबडीसुद्धा गेली नव्हती. आणि मग जो जल्लोष उठला, त्याला सीमा नव्हती. बाया रडता रडता हसल्या, पोरं नाचली.

"नायकाला वाट कळते!" कोणीतरी ओरडलं.

"गेल्या वर्षीच इथून आलो असतो तर!"

जवान पोरांनी नायकाला खांद्यावर घेतलं. कोणी रानफुलांची माळ करून गळ्यात घातली. लंगड्या म्हातारीनं त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

खांद्यावर बसलेला नायक मात्र पांढराफटक पडला होता. त्याला ते शेकडो हसरे चेहरे दिसत होते, आणि दिसत होतं की आपण या सगळ्यांना मरणाच्या तोंडात घालून आणलंय. आयुष्यात याहून वाईट निर्णय आपण कधी घेतला नव्हता, आणि याच निर्णयासाठी आपल्या गळ्यात माळ पडली आहे. आणि ज्यानं नीट विचार करून चांगली वाट सांगितली होती, त्याला...

"उतरवा!" तो किंचाळला. "उतरवा मला खाली!"

लोक भांबावले. त्याला उतरवलं, तेव्हा त्यानं माळ काढून बाजूला ठेवली आणि कोणाशी न बोलता चालू लागला.

थावरा बाजाराच्या गावी लोकांची गुरं राखायचा. माळावर गुरांच्या घोळक्यात उभा असलेला नायक त्याला दिसला. कपडे लाल मातीनं माखलेले, ओठ सुकलेले. थावरा धावत पुढे आला.

"नायका, काय झालं? वरून आलात?"

"वरून."

"दरड?"

"पडली."

थावरानं डोळे मिटले. "कोण कोण गेलं?"

"कोणी नाही. सगळे बाहेर पडलो आणि मग पडली."

थावरानं मोठा श्वास सोडला. मग त्याला कळेना. "सगळे सुखरूप आहेत, तर तुम्ही माझ्याकडे का आलात?"

"म्हणूनच आलो," नायक म्हणाला, आणि झमकू गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडला.

थावरा त्याच्याजवळ बसला. नायकानं परत यायला विनवलं, तेव्हा म्हणाला, "मी परत येईन. पण जे दिसेल तेच बोलेन. आणि बोललो तरी काही होणार नाही, अशी हमी देणार नाही."

"हमी मागणारच नाही," नायक म्हणाला.

पुढच्या वर्षी खालच्या वाटेनं निघण्यापूर्वी नायकानं तांडा गोळा केला. "थावरानं काय पाहिलं ते सगळ्यांनी ऐकलंय. कोणाला शंका असेल तर आत्ता विचारा. पुढे काहीही घडलं, तरी त्याचा दोष वाटाड्यावर नाही." मग तो मेहुण्याकडे वळला. "तुलाही जे दिसेल ते बोल. माझा चेहरा बघू नकोस."

त्या वर्षी एक चांगला बैल ओढ्यात पाय मोडून कायमचा बसला. लोकांच्या नजरा आपसूक थावराकडे वळल्या.

"गोण्या बाकीच्या बैलांवर वाटा," नायक म्हणाला. "चला."

या गोष्टीचं तात्पर्य म्हणून एवढंच सांगायचं: निर्णय चांगला की वाईट, हे तो घेताना काय दिसत होतं आणि किती विचार केला, त्यावरून ठरवावं. नुसत्या फळावरून न्याय करणाऱ्याला पुढे खरं सांगणारं माणूस उरत नाही.