सुपडाबाई कुंभारणीची दोन झाकणं

फार वर्षांपूर्वी, लांबी हातावर आणि वितीवर मोजायचे तेव्हा, एका नदीच्या काठी उंबरदरी आणि सातोडं अशी दोन गावं होती. दोन्हींचा बंधारा एक, पाट एक. पाट जिथे फुटायचा तिथे दगडी भिंत होती आणि भिंतीत दोन गोल मोऱ्या होत्या, दोन्ही वीतभर रुंद. एकीतून उंबरदरीचं पाणी जायचं, दुसरीतून सातोड्याचं. जमीन सारखी, पाणी सारखं, कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

मग उंबरदरीकरांनी माळ फोडला आणि त्यांचं रान दुप्पट झालं. त्यांचा दौलत पाटील सरळ माणूस. तो सातोड्यात येऊन म्हणाला, आम्ही बंधारा उंच करतो, पाणी दीडपट होईल. पाणपट्टी आम्ही दुप्पट भरू, आमची मोरी तेवढी दुप्पट करा. सातोडेकरांनी बोटं मोजली. दोन वाट्यांचे तीन होणार, दोन त्यांचे, एक आपला. आपलं काही कमी होत नाही. गवंड्याने उंबरदरीची मोरी दोन विती रुंद केली, पाटलाने स्वतः वीत लावून पाहिली, आणि दोन्ही गावांत गूळ वाटला.

पहिल्या वर्षी सातोड्याच्या शेवटच्या वावरांना पाणी पोचलं नाही. लोक म्हणाले, ऊन कडक आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, उंदरांनी पाट पोखरला. तिसऱ्या वर्षी गहू ओंबी बाहेर पडायच्या आधी पोटरीतच वाळला, चार घरं गाव सोडून गेली, आणि लोक म्हणाले, झिपरू पाणी विकतो.

झिपरू हा सातोड्याचा पाटकरी. खांद्यावर कुदळ घेऊन दिवसभर पाटाच्या कडेने फिरायचा, पाणी वळवायचा. पंचांनी ठरवलं की आठव्या दिवशी दोन्ही मोऱ्या बंद करायच्या, पाट कोरडा करायचा, आणि तो कुठे फोडलेला दिसला तर झिपरूने बायकोसह गाव सोडायचं. मोऱ्यांना झाकणं करायचं काम आलं सुपडाबाई कुंभारणीकडे. ती झिपरूची सासू.

सुपडाबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून ती जन्मली तेव्हा ही तरी जगो असं म्हणत आईने तिला सुपात घातलं. त्यावरून हे नाव. अक्षर तिला येत नव्हतं, वीसच्या पुढे आकडाही येत नव्हता. पण एखादी गोष्ट पटली नाही की ती जेवत नसे, असं म्हणतात.

तिने मातीचे सारखे गोळे केले. लहान मोरीचं झाकण थापलं, त्याला एक गोळा लागला. मोठी मोरी दुप्पट, म्हणून तिने दोन गोळे घेतले आणि तेवढ्याच जाडीचं झाकण थापायला बसली. माती पुरेना. तिला वाटलं, आपला हात जड पडला. तिने मोडून पुन्हा थापलं. पुरेना. तिसरा गोळा घातला, तरी कड उघडीच. चौथा घातला तेव्हा कुठे झाकण भरलं.

ती त्या दोन झाकणांकडे बघत राहिली. असं म्हणतात की तिने त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. चाळीस वर्षं ती मातीचे पसरट परळ आणि झाकण्या करत आली होती. मोठ्या परळाला माती फार लागते हे हाताला ठाऊक होतं, पण डोक्याने ते कधी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती लेकीला म्हणाली, “तुझा नवरा चोर नाही. चूक मोरीत आहे.”

आठव्या दिवशी भिंतीपाशी दोन्ही गावं जमली. काहींच्या हातात काठ्या होत्या. सुपडाबाईने झाकणं मांडली आणि गोळ्यांची हकिगत सांगितली. उंबरदरीकर हसले. माती निराळी, पाणी निराळं, म्हणाले. मग तिने मागणं केलं, की सारख्या मापाचे पाच खड्डे खणा. सातोड्याच्या मोरीखाली एक, उंबरदरीच्या मोरीखाली चार ओळीने, एक भरला की पाणी दुसऱ्यात उतरेल असे.

दौलत पाटलाला राग आला होता. तो म्हणाला, “तुमचा एक भरेपर्यंत आमचे दोन भरतील. तिसऱ्यात पाणी गेलं, तर ती मोरी मी माझ्या हाताने बुजवीन.”

झाकणं बसवून मोऱ्या बंद केल्या आणि खड्डे खणले. सुपडाबाईच्या खुणेसरशी दोन्ही झाकणं एकदम काढली. असं म्हणतात की त्या वेळी झाडावरचे साळुंक्या-कावळेही गप्प झाले, आणि आपलं माप सगळ्यांना दिसावं म्हणून पाणी सावकाश, एकेक पायरी उतरल्यासारखं चाललं. सातोड्याचा खड्डा निम्मा झाला तेव्हा उंबरदरीचे दोन भरले होते. पाणी तिसऱ्यात उतरलं. पाटलाने पागोटं काढून हातात घेतलं. सातोड्याचा खड्डा काठोकाठ भरला तेव्हा चौथाही काठोकाठ होता.

मग पाटील म्हणाला, “सुपडाबाई, मी वीत लावून मोजली होती. मी चोर नाही.”

“मला ठाऊक आहे, पाटील,” ती म्हणाली. “रुंदी दुप्पट केली तर तोंड चौपट होतं. तुम्ही मोजलं, आम्ही मान डोलवली. गूळ मीही खाल्ला होता.”

पाटलाने ती मोरी स्वतः चुना-दगडाने बुजवली आणि तिच्या जागी वीतभर रुंदीच्या दोन पाडल्या. झिपरूला त्याने भर लोकांत मिठी मारली. झिपरू रडला, पण त्याने कुदळ खाली ठेवली नाही, असं म्हणतात.

तेव्हापासून लांबलांबून लोक सुपडाबाईकडे आपली कोडी घेऊन येऊ लागले. एकदा एक तेली आला. त्याने सोळा आण्यांचं तेल पावपटीने वाढवून वीस आण्यांना केलं होतं. गिऱ्हाइकं कुरकुरली म्हणून पावपटीनेच उतरवलं, तर पंधरा झाले. मधला आणा कुणी खाल्ला, म्हणून तो घरच्यांवर संशय घेत होता. तिने त्याच्यापुढे खडे ठेवले. सोळाचा पाव चार आणि विसाचा पाव पाच, एवढं खड्यांवरून कळायला त्याला दुपार झाली. मग तो स्वतःशीच हसत उठला आणि बायकोसाठी बांगड्या घेऊन घरी गेला.

सुपडाबाई गेली तेव्हा तिचं चाक तीन दिवस कुणी न फिरवता फिरत होतं, असं म्हणतात. खरं-खोटं त्या चाकालाच माहीत.

आजही दिवाळीनंतर पहिलं पाणी सोडतात तेव्हा दोन्ही गावं भिंतीपाशी जमतात. कुंभाराच्या घरून एक नवं, वेड्यावाकड्या आकाराचं मडकं येतं. त्यात किती तांबे पाणी मावेल, हे लहानथोर सगळे सांगतात. मग सगळ्यांदेखत पाणी ओततात. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो, त्याला सुपडाबाईचा मान, कारण तिलाही कळलं ते अंदाज चुकल्यावरच. त्याला फेटा बांधतात, नारळ देतात आणि मोरीचं पहिलं झाकण त्याच्या हातून काढवतात. मागे एकदा तो मान तालुक्याहून आलेल्या गणिताच्या मास्तरांना मिळाला. त्यांनी फेटा नीट बांधून घेतला, भिंतीवर वाकले, आणि पाणी सुटलं.