यादीतलं एकोणतिसावं प्रकरण

नंदुरबारकडच्या एका पाड्यावरच्या रोशनी वळवीला राखीव जागेतून वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिच्याहून जास्त गुण असलेल्या एका मुलाने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. त्याच्या बाजूने ज्येष्ठ वकील धारवाडकर गरजले, "न्याय म्हणजे रांग. मागच्याला पुढे घेतलं, की पुढच्यावर अन्याय होतोच."

रोशनीची तरुण वकील नीरजा वाघमारे उठली. "सर, आजच्या यादीत हे प्रकरण कितवं?"

"एकोणतिसावं."

"मग सगळ्यांत आधी कसं निघालं?"

"मी विनंती केली. मला दिल्लीचं विमान गाठायचंय. अडचण असेल तर कोर्ट पुढे घेतं, पद्धतच आहे तशी."

"मला एवढंच सांगायचंय, सर. रोशनीच्या पाड्यावर चौथीपुढे शाळाच नाही. तिची अडचण तुमच्या विमानापेक्षा जरा जुनी आहे."

मागे ताटकळलेले अठ्ठावीस प्रकरणांचे वकील खदखदून हसले. न्यायमूर्तींनी हसू आवरलं आणि याचिका फेटाळली.

सोमवारी शरीररचनेच्या पहिल्या तासाला रोशनी पहिल्या बाकावर बसली होती.