वहाणांची रांग

सन १९७४. पौष महिना. मंगळवारची सकाळ, थंडी कडक.

“दवाखाना गावात मी आणला, बाबा. मग मी आलो की रांग गप्प का होते?”

विचारणारा दाजीबा काटकर, दवाखाना समितीचा नवा अध्यक्ष. विचारलं ते हुसेनबाबांना. बाबा दर्ग्याचे फकीर. दवाखाना दर्ग्याच्याच ओसरीत भरायचा, म्हणून समितीत वडीलपण त्यांच्याकडे.

डॉक्टर तालुक्याहून मंगळवारी यायचे आणि दुपारच्या एसटीने परत जायचे. नंबर धरायला माणसं उजाडताच ओसरीपुढे वहाणा ओळीने मांडायची आणि उन्हाला जाऊन बसायची. दुसऱ्याची वहाण कुणी हलवत नसे. आता तिथे पक्की इमारत आहे, चिठ्ठीवर आकडा मिळतो. तेव्हा कोणती वहाण कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

बाबा ओसरी झाडत होते. म्हणाले, “पहिली वहाण कुणाची?”

“आईची. पाय सुजलाय तिचा, बैलगाडीत निजवून आणलीय. उजाडायच्या आत मी स्वतः येऊन मांडली. नियमाने.”

“आज नियमाने. आणि गेल्या मंगळवारी?”

दाजीबा गाडीकडे बघू लागला.

“त्या दिवशी ऊन वर आल्यावर आलास. आपली वहाण सगळ्यांच्या पुढं ठेवलीस. शेवटी कोण राहिलं?”

“मला काय ठाऊक.”

“सगुणा. खाणीवर खडी फोडते ती. पोर तापानं फणफणलं होतं. डॉक्टर उठले, ती तशीच परत गेली.”

सगुणा आजही शेवटीच होती. पोर खांद्यावर. तिने मान खाली घातली.

“अध्यक्षाला एवढाही मान नसावा?”

“असावा की. तुझी जागा राखलीय आम्ही.”

“कुठे?”

बाबांनी झाडूने ओळीचं शेवटचं टोक दाखवलं.

“तिथून काय दिसणार?”

“सगळी रांग. पुढून नुसता डॉक्टर दिसतो.”



गाडीतून म्हातारीचा आवाज आला. “दाजी, कुणाचं पोर रं?”

“खाणीवरच्या बाईचं.”

“मग माझी वहाण तिच्या डोक्यावर ठेवलीस व्हय? उचल.”

दाजीबाने आईची वहाण उचलली आणि शेवटी नेली. सगुणाची आणून पहिल्या जागी ठेवली. पायताणाला हात लावताना त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही.

दुपारी डॉक्टर उठले. चार माणसं राहिली होती.

“अध्यक्ष, गाडीत आई ना तुमची? आणा, बघतो.”

दाजीबाने गाडीकडे पाहिलं. म्हातारी कण्हत होती.

“तिच्या पुढं माणसं आहेत,” तो म्हणाला. “तुमची एसटी चुकेल.”

डॉक्टर गेले.

बैल जुंपताना त्याने विचारलं, “त्या मंगळवारचं फिटलं ना, बाबा?”

“विचारतोस, म्हणजे राहिलंय.”

पुढच्या मंगळवारी म्हातारीचा नंबर लागला. इंजेक्शन झालं, सूज उतरली. त्यानंतर दाजीबाला दवाखान्यात काही काम उरलं नव्हतं. तरी तो दर मंगळवारी यायचा. शेवटच्या वहाणेपाशी बसायचा. डॉक्टर उठले की कोण राहिलं ते बघायचा. ज्याला चालवत नसेल, त्याला आपल्या गाडीतून तालुक्याला न्यायचा. बाबांना मात्र त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

माघातली गोष्ट. सगुणा आली, वहाण ठेवली, दाजीबाजवळ येऊन उभी राहिली.

“अध्यक्ष, सरका जरा. सगळं ऊन एकट्यानंच खाताय.”

माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, “पोट बघ की त्यांचं, सरतील कुठं?”

दाजीबा हसला... सरकला.

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला.

“फिटलं,” ते म्हणाले.