सुतळीला लटकलेले आंबे

खूप जुनी गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात सगळे आंबे इतके आंबट निघत, की वटवाघळंही तोंड वाकडं करून उडून जात. शेवटी राजाने फर्मान काढलं, की चौथ्या उन्हाळ्यात ज्या झाडाला गोड फळ नसेल, ते तुटणार. पण राजा मनाचा मोठा. त्याने आपल्या बागेतल्या गोड आंब्याच्या डहाळ्या आणि एक म्हातारा माळीही पाठवला. फुकट.

आता फुकट म्हटलं की गिऱ्हाईक आधी माल उलटा करून बघतं, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा.

माळी दारोदार फिरला. खोड छाटू द्या, मी डहाळी बसवतो, वर चिंधी बांधतो, म्हणून सांगत राहिला.

पाटील म्हणाले, "वाडवडिलांच्या झाडाला सुरी लावायची नाही. चिंधी तेवढी बांध." माळी ऐकेना, तर त्यांनी ती स्वतःच वाजतगाजत बांधली. मग गावानेही तेच केलं, आणि चिंधी पाण्यात बुडवून बांधावी की नुसतं पाणी शिंपडून, यावरून गाव महिनाभर भांडलं.

माळ्याने कपाळाला हात लावला. "अहो पाटील, चिंधी ही कलमाची खूण. कलमच नाही, तर ओली काय नि कोरडी काय?"

वैद्यबुवांना फुकटाचं घेणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी मुळाशी दूध ओतलं, गूळ पुरला. मुंग्या तेवढ्या लठ्ठ झाल्या.

गावाबाहेर एक म्हातारी राहायची. तिचं एकच झाड. तिने माळ्याला विचारलं, "मी काय करायचं रे बाबा?"

"काही नाही, आजी. कापू द्यायचं आणि भरवसा ठेवायचा."

"एवढंच?"

"एवढंच तर कुणाला जमत नाही."

छाटलेलं खोड बघून म्हातारी रडली, पण तिने हात आडवा घातला नाही.

चौथ्या उन्हाळ्यात राजा आला. पाटलांच्या झाडावर चिंधी कुजली होती, फळ आंबटच. वैद्यबुवांचं झाड पिवळ्याधमक आंब्यांनी लगडलेलं. राजाने एक ओढला, तर मागोमाग सुतळीही हातात आली.

म्हातारीच्या झाडावर दोनच आंबे. ती ओशाळून म्हणाली, "बाकीचे शेजारची पोरं खातात, महाराज. मीच देते." झाडाखाली कोयींचा सडा पडला होता. राजाने आंबा चाखला आणि तिच्या झाडाला हात लावू दिला नाही.

बाकीच्या झाडांवर कुऱ्हाड पडली. माळी शेवटपर्यंत पुटपुटत होता, "फुकट देत होतो रे, फुकट."

तात्पर्य: भरवशाने कलम जुळतं, चिंधी त्याची खूण आणि फळ त्याची साक्ष, नुसत्या खुणेने किंवा बांधलेल्या फळाने झाड वाचत नाही.