क्रोमचा पाइप आणि काळा हेडर

मोटारीच्या भागांनाही वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. एका मंगळवारी गॅरेजात नेहमीसारखा चहा आला आणि त्याच्यामागोमाग निरोप आला, की जुन्या लाल मोटारीचे मालक विश्रामराव गेले.

त्यांनी हौसेने गाडीच्या दाराखाली बसवून घेतलेला क्रोमचा पाइप आरशासारखा चमकत होता. त्याला धूर पुरवणारा, इंजिनापाशी तापून काळा पडलेला हेडर म्हणाला, "आता वहिनी येतील. गाडी सुरू करायला सांगतील."

"तुझा गरम धूर मला नको रे बाबा! क्रोम तापलं की निळं पडतं. तुझ्यासारखं थोबाड कोणाला हवंय? मी सांधा सैल सोडीन."

"मग गाडी नुसती फटफटेल. ज्या आवाजासाठी मालकांनी तुला आणलं, तो त्यांना ऐकायला मिळाला नाही. निदान वहिनींना तरी ऐकू दे."



दिवसकार्य आटोपल्यावर विश्रामरावांच्या पत्नी मालिनीवहिनी आल्या आणि गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "इकबालभाई, एकदा सुरू करा. आवाज ऐकशील तेव्हा कळेल, असं हे सारखं म्हणायचे."

इंजिन सुरू झालं. पाइपने सांधा घट्ट धरला. धुराने त्याचं अंग भाजलं, पण खोल, भरदार आवाज गॅरेजभर घुमला. वहिनी ऐकत उभ्या राहिल्या, मग हसल्या. "बाई गं! शेजारी भांडायला येतील. मला चालवायला शिकवाल का?"

"उद्यापासून या," म्हणत इकबालभाईंनी पाइपवरचा निळा पट्टा पाहिला आणि पॉलिशचा डबा उघडला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "त्याला अजून पुष्कळ तापायचंय."

ते पॉलिश करायचं राहूनच गेलं.