पाणकावळ्याच्या गळ्यातली गाठ

चीनच्या दक्षिणेकडे नदीकाठी वसलेल्या त्या शहराचे नाव आमच्या सहलीतल्या कुणालाच धड उच्चारता आले नाही, म्हणून आम्ही सगळे त्याला डोंगरांचे गाव म्हणत होतो. तिथे घरांच्या मधूनच डोंगर उगवलेले आहेत, सुटे सुटे आणि उभे. त्यातला एक नदीच्या वळणावर आहे. मान टाकलेल्या पक्ष्यासारखा तो शेजारच्या ठेंगण्या टेकडीवर कलला आहे. पायथ्याशी दगडी ओटा आहे आणि ओट्यावर भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्यांचा ढीग. त्यातल्या एकाही दोरीला गाठ नाही.

डोंगर पाहून बाकीची मंडळी हरखून गेली होती. मी पाहत होते, इतकेच. सकाळपासून गुहा झाली, बाग झाली, कमानीचा पूल झाला. दिसत सगळे होते, आत काही पोचत नव्हते. ही सहल माझ्या मुलाने, निरंजनने, आम्हा तिघांसाठी ठरवली होती. तो उन्हाळ्यात गेला. सहल रद्द करायचे त्याची बायको वैदेही बोलेल असे मला वाटले, मी बोलेन असे तिला वाटले, आणि अशा रीतीने आम्ही दोघी चीनला पोचलो.

मला कशाचेच काही वाटेनासे झाले होते. भीती तेवढी एक उरली होती. वैदेही जेवत नव्हती. पानावर बसायची, चार शिते चिवडायची आणि उठायची. मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागले होते. मुलगा गेला, आता ही पोरही माझ्या डोळ्यांदेखत जाणार, हे मला समजत होते आणि माझा हात काही पुढे होत नव्हता.

ओट्यापाशी वेई आजोबा बसले होते. जन्मभर नदीवर मासे धरलेला माणूस. आता पाहुण्यांना पाणकावळे दाखवतात. ते त्यांच्या भाषेत सांगत आणि आमची गाईड, छेन नावाची चुणचुणीत मुलगी, कॉलेजात शिकलेल्या हिंदीत ते आमच्यापर्यंत आणी. तिचे प्रत्येक वाक्य 'कहते हैं'ने सुरू होई.

तिथले कोळी पाणकावळे पाळतात. पक्ष्याच्या गळ्याला पेंढ्याची दोरी बांधतात, म्हणजे त्याला पकडलेला मासा गिळता येत नाही. घशात धरून तो मालकाकडे येतो. सांज झाली की आधी दोरी सोडायची, पक्ष्याचा वाटा त्याला द्यायचा आणि मग आपल्या चुलीकडे वळायचे. पाखराला उपाशी ठेवून जो जेवला तो चोर, असे तिकडे मानतात.

असे सांगतात की फार पूर्वी, काठावर शहर नव्हते, नुसत्या बांबूच्या झोपड्या होत्या, तेव्हा तुंग नावाचा कोळी आणि त्याची बायको लान इथे राहत. त्यांचा एक तराफा होता आणि एक पक्षी. मूलबाळ नव्हते. पक्षीच रात्री वळचणीला झोपे आणि घरातल्याच माणसासारखा कुरकुरे.

एका सांजेला तुंग काठाला लागतो न लागतो तोच डोंगरातून पूर उतरला. शेजारणीची म्हैस पलीकडे गाळात रुतली होती. "परत आल्यावर पाखराची दोरी सोडतो," असे लानला सांगून तुंग तराफा घेऊन उलट फिरला. म्हैस परत आली. तुंग आला नाही. रात्रीतून पाण्याने झोपडीही नेली, भांडीकुंडी नेली, जाळे नेले. मागे राहिली लान आणि गळ्यात दोरी असलेला पक्षी.

लान या वळणावर येऊन बसली. लोक समाचाराला आले. आपल्याकडे बोलतात तेच तिकडेही बोलत असावेत: धीर धर, गेलेले माणूस परत येत नाही, दोन घास खाऊन घे. शेजारीण रोज पेज आणी. लान वाटी तोंडाला लावी आणि खाली ठेवी. "उतरत नाही," एवढेच म्हणे. तिच्या डोळ्यांतून टिपूसही आले नव्हते म्हणे.

पक्षी मात्र कामाला चुकत नव्हता. तो नदीत बुडी मारी, मासा घशात धरून येई आणि लानसमोर मान उंच करून उभा राही. लान हात पुढे करीत नसे. मासा शेवटी खाली पडे, मुंग्यांना मिळे आणि पक्षी पुन्हा पाण्याकडे जाई. स्वतः त्याला गिळता येत नव्हते. छातीचे हाड वर आले, पंख लोंबू लागले. लोकांनी त्याला धरून पाहिले, पण घरच्यांखेरीज कुणाला तो गळ्याला हात लावू देईना. चोचीने रक्त काढी.

"हे खरंच घडलंय का?" आमच्यातल्या बापटांनी मध्येच विचारले. छेनने प्रश्न पोचवला. वेई आजोबा म्हणाले, "मी तेव्हा नव्हतो," आणि पुढे सांगू लागले.

लोकांना वाटे, दुःखाने लानला दिसेनासे झाले आहे. शेवटी शेजारीण तिच्यापुढे येऊन बसली. "अगं, पाखरू मरतंय. गाठ तेवढी सोड."

"दिसतंय मला," लान म्हणाली. "पण ती गाठ त्यांनी बांधलीय. त्यांच्या हातचं दुसरं काही उरलं नाही माझ्याजवळ. ती सुटली की संपलं."

शेजारीण उठून गेली.

मग एका सकाळी पक्ष्याला पाण्यापर्यंत जाणेही जमले नाही. तो फरपटत लानपाशी आला आणि त्याने तिच्या गुडघ्यावर मान टाकली. लानने गाठीखाली बोट घातले. पेंढा पाण्याने आवळला होता, नखांनी सुटेना. तिने दातांनी सोडवली. मग काठच्या उथळ पाण्यात धरलेला, मुठीत मावेल असा मासा त्याच्या चोचीत दिला. तो घास मानेतून खाली उतरताना तिला दिसला. आणि तेव्हा, असे सांगतात, तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून लोक झोपड्यांतून बाहेर आले. ती दिवसभर रडली आणि सांजेला पेज प्याली.

डोंगराला तो आकार त्यानंतर आला म्हणे. शेजारचे तळे लानच्या आसवांचे, असे पाटीवर लिहिले आहे. आजोबांच्या मते तळे आधीपासूनच होते. लान पुष्कळ जगली. तिने पुन्हा संसार मांडला असेही काही जण सांगतात. ते ऐकून आमच्यातल्या दोघीतिघींनी वैदेहीकडे पाहिले. तिचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते.

आजही त्या काठावरच्या कोळ्यांत कुणाचे माणूस गेले आणि मागे राहिलेल्याचे अन्न तुटले, तर त्याची समजूत घालायला कुणी जात नाही. शेजारची माणसे एक पाणकावळा आणतात, गळ्यात दोरी आणि घशात मासा असलेला. तो त्या माणसापुढे ठेवतात आणि मागे न बघता निघून जातात. ज्याचे दुःख असेल त्याने गाठ सोडायची आणि दोरी या ओट्यावर आणून टाकायची.

"आणि नाही सोडली तर?" मी विचारले. सकाळपासून माझ्या तोंडून निघालेला तो पहिलाच शब्द असावा.

आजोबा म्हणाले, "सोडतात. पाखराला भूक लागलेली असते."

मंडळी बसकडे निघाली. पुढे रेशमाचे दुकान होते. मी आजोबांसमोर उभी राहिले आणि नदीत बुड्या मारणाऱ्या, गळ्यात दोरी असलेल्या त्यांच्या पक्ष्याकडे बोट दाखवले, मग तळ्याकाठी एकटीच बसलेल्या वैदेहीकडे. त्यांनी पाण्याकडे बघून शीळ घातली, आणि पक्षी मासा घेऊन आला तसा माझ्या हातात दिला. आमच्या घरात मासळीचा वासही चालत नाही. ओला, जड, धडपडणारा तो जीव मी साडीशी धरून नेला, वैदेहीपुढे ठेवला आणि वळले. बसपर्यंत मान मागे वळू दिली नाही. त्याइतके अवघड मी त्या वर्षात काही केले नव्हते.

बसमध्ये सगळे खोळंबले होते. टूर मॅनेजर घड्याळ बघत होता, ड्रायव्हरने भोंगा वाजवून पाहिला. मी समोरच्या सीटकडे पाहत बसले.

वैदेही आली ती डोळे सुजवून. माझ्याशेजारी बसली. बस सुटली. मग ती म्हणाली, "आई, पिशवीत दशम्या आहेत ना?"

मी डबा उघडून दिला. तिने हात धुतले नव्हते. त्याच हातांनी तिने दशमी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हीही तो गेल्यापासून नीट जेवला नाहीत."